नव्या खोतांची कुळे

कोकणात 'खोत' हा शब्द आता बहुतांशी आडनावापुरता उरला आहे. त्या शब्दामागची व्यवस्था मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या माणसांपाशी घटकाभर बसले की आजही ऐकायला मिळते. डोंगरउतारावरचे दगड वेचून जमीन लागवडीला आणायची कुळाने, राब भाजायचा कुळाने, चिखलात उभे राहून लावणी करायची कुळाने. आणि भात खळ्यावर आले की अर्धेलीचा वाटा मोजून न्यायचा खोताने. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही जमीन कुळाची होत नसे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस मुक्रर करून कसणाऱ्याला जमिनीचा धनी केले.

एवढ्या झगड्यानंतर सातबाऱ्यावर नाव लागलेल्या याच भूमीत आज एक विपरीत दृश्य दिसते. ग्रामदेवतेचे देवस्थान, शतक ओलांडलेली शिक्षणसंस्था, कुलमंडळ, नाट्यमंडळ, आंबा बागायतदार यांपैकी बहुतेकांनी आपला इतिहास, छायाचित्रे, उत्सवांची माहिती, एखाद्या अभ्यासकाचे हयातभराचे लेखन उचलून परदेशी कंपन्यांच्या फुकट आवारात नेऊन ठेवले आहे. फेसबुकवर पान, व्हॉट्सॲपवर गट, यूट्यूबवर वाहिनी. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ असावे, ते स्वतः चालवावे, त्याच्या जागेचे भाडे स्वतः भरावे, ही कल्पनाच अनेकांना आता जुनाट वाटते. 'फुकट मिळत असताना पैसे कशाला घालवायचे?' हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी विचारला की बाकीचे सभासद व्यवहारचातुर्याच्या कौतुकाने मान डोलावतात. ज्यांच्या आजोबांनी कूळ म्हणून मान खाली घालून दिवस काढले, त्यांची नातवंडे नव्या खोताच्या दारात आपखुशीने उभी राहत आहेत. जुन्या कुळाला निदान खोत कोण, कुठे राहतो, हे ठाऊक असे. या खोताचा वाडा कॅलिफोर्नियात आहे. 'आमच्या नियमांचा भंग झाला' एवढे एक यांत्रिक वाक्य पाठवून तो दहा वर्षांचे लेखन एका रात्रीत बंद करू शकतो, आणि दाद मागायला चावडीही नाही.

फुकटच्या जागेचा इतिहास या व्यवहारचतुरांनी एकदा डोळ्यांखालून घालावा. १९९४ साली अमेरिकेत जिओसिटीज नावाची सोय सुरू झाली. कोणीही यावे, जागा घ्यावी, स्वतःची पाने मांडावीत. लक्षावधी लोकांनी ती मांडली. १९९९ साली याहू कंपनीने ती वसाहत साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून विकत घेतली. पैसा जमिनीला मिळाला, कसणाऱ्यांना नव्हे. पुढे त्या जमिनीतून नफा निघेना, तेव्हा २६ ऑक्टोबर २००९ रोजी याहूने ती बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी जमतील तेवढी पाने उतरवून घेतली, म्हणून त्यातील काही आज संग्रहरूपाने पाहता येतात, उरलेली गेली. ऑर्कुट, ज्यावर भारतीय तरुणांची एक सबंध पिढी वावरली, ते गुगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटवले. गुगल प्लसचे दार एप्रिल २०१९ मध्ये लागले. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनी २००३ ते २०१५ या काळात ठेवलेले संगीत माहिती हलवताना नष्ट झाल्याची कबुली २०१९ साली मिळाली. या प्रत्येक ठिकाणी जागा फुकट होती, आणि प्रत्येक ठिकाणी 'एवढी मोठी कंपनी कशाला बंद पडते?' असा विश्वास होता.

याउलट रत्नागिरीचे नगर वाचनालय पाहा. त्याची स्थापना १८२८ सालची. पेशवाई बुडून तेव्हा पुरती दहा वर्षे झाली होती आणि लोकमान्यांचा जन्म व्हायला अठ्ठावीस वर्षे होती. ते आजही उभे आहे, कारण त्याला वर्गणी देणारे सभासद होते, नोंदवही होती, किल्ल्या कोणाकडे हे ठरलेले होते. फुकट मिळालेली जिओसिटीज पंधरा वर्षांत संपली. वर्गणीवर चाललेले वाचनालय २०२८ मध्ये दोनशे वर्षांचे होईल.

साधन दुसऱ्याचे असले की विचारही दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवण्याची खरे तर गरज नसावी. १८७८ साली इंग्रज सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांविरुद्ध कायदा केला, तेव्हा मुद्रक आणि प्रकाशक यांच्याकडून जामीनखते लिहून घेण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. लेखक कितीही निर्भय असला तरी ज्याच्या यंत्रावर मजकूर छापायचा तो घाबरला की लेखणी आपोआप थांबते, हा त्यामागचा हिशेब. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सहकारी टिळक-आगरकर यांनी यावर काय केले? 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. पण आर्यभूषण छापखाना त्याआधीच उभा राहिला होता. यंत्र आधी, पत्र नंतर. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांची जयंती साजरी करणाऱ्या मंडळांनी कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण परक्याच्या वाहिनीवर करावे, आणि ते प्रक्षेपण वर्षभराने शोधायला गेले तर सापडू नये, यातला विरोधाभास कोणाला खटकत नाही.

परक्यांकडे बोट दाखवताना घरातला दोषही पाहिला पाहिजे. ज्या मराठी माणसांनी आरंभीच्या काळात हौसेने स्वतःची संकेतस्थळे उभी केली, त्यांच्यातील कितीतरींचा मजकूर आज जागेवर असूनही वाचता येत नाही. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत मराठी पाने ज्या टंकांत तयार झाली, ते टंक मुळात फसवे होते. संगणकाच्या दृष्टीने पानावर रोमन अक्षरेच असत. विशिष्ट टंक बसवलेला असेल तरच ती देवनागरीसारखी दिसत. प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा, प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीची मांडणी वेगळी. 'आधी टंक उतरवून घ्या' ही सूचना प्रत्येक दारावर टांगलेली असे. नंतर पानासोबत टंक आपोआप उतरण्याची युक्ती निघाली. पण त्यातला रूढ प्रकार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररपुरताच चाले, आणि तो एक्स्प्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्या काळातली पाने आज उघडली तर समोर येतात ती रोमन अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची खिचडी. मोडी वाचणारे निदान शोधले तर सापडतात. ही लिपी कोणालाच येत नाही.

वास्तविक यावरचा उपाय तेव्हाही अस्तित्वात होता. भारताने आपल्या लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक तयार केले होते. त्याच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. विंडोज २००० मध्ये मंगल हा टंक आला आणि सामान्य संगणकावर खरी देवनागरी उमटू लागली. परंतु मुद्रणाचा धंदा जुन्या टंकांत अडकला होता, तोच मजकूर संकेतस्थळावर ओतणे सोपे होते, आणि 'आमच्याकडे दिसते ना?' या एका प्रश्नावर विचार थांबत होता. ज्यांनी वेळीच कष्ट घेऊन मजकूर युनिकोडमध्ये उतरवला, त्यांचे लेखन टिकले.

या बाबतीत तर रत्नागिरीने सर्वांत जागरूक असायला हवे होते. लिपी आणि यंत्र यांचे भांडण सोडवण्याचा खटाटोप करणारी दोन माणसे या गावाशी बांधलेली आहेत. देवनागरीचे शेकडो खिळे जुळवताना छापखान्यात होणारा त्रास पाहून लोकमान्यांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या योजनेवर स्वतः डोके चालवले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धी आणि लिपिशुद्धी ही दोन्ही आंदोलने त्यांनी याच काळात चालवली. 'अ'ची बाराखडी करण्याचा त्यांचा आग्रह हा यंत्रावर नागरी लिपी सुलभ व्हावी यासाठीच होता. तो सर्वांना पटला नाही, हे वेगळे. पण लिपीने यंत्रयुगात मागे राहू नये, ही चिंता अस्सल होती. ('संकेतस्थळ' हा आज रूढ झालेला प्रतिशब्द सावरकरांच्या हयातीनंतरचा. जुन्या वाङ्मयात त्याचा अर्थ प्रेमिकांनी गुपचूप भेटण्याचे ठिकाण असा आहे, हे शुद्धिवाद्यांनी एकदा विचारात घ्यायला हरकत नाही.)

आणि कोकणाइतके अचूक उदाहरण दुसरे कोणते मिळणार? येथे एका बाजूला दर्या आहे आणि दुसऱ्या बाजूला दऱ्या आहेत. या दोन शब्दांतला भेद एका अर्ध्या 'र'वर उभा आहे. हिंदीला या अर्ध्या 'र'ची गरज नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या अनेक टंकांत आणि कळफलकांत तो नीट उमटत नसे. तो संगणकात साठवण्याच्या दोन पद्धती पडल्या. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, पण यंत्राला वेगळ्या, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधल्या तर सापडतीलच असे नाही. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायला २००८ साल उजाडले. या गोष्टी कळल्या कोणाला? स्वतःचे पान स्वतः लिहिणाऱ्या, ते तपासणाऱ्या, चुकले तर कुठे चुकले हे शोधत बसणाऱ्या हौशी माणसांना. फुकटच्या आवारात तयार चौकटीत मजकूर टाकणाऱ्याला असले प्रश्नच पडत नाहीत. आणि भाषेचे प्रश्न ज्यांना पडत नाहीत, त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांनी दिलेली उत्तरे येतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्या आनंदाच्या शुभेच्छांचे फलक मात्र चित्ररूपात फिरत होते. चित्रात कोंडलेले मराठी शोधयंत्राला सहसा सापडत नाही आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र ते बहुधा ओलांडून पुढे जाते.

आता स्वतःचे संकेतस्थळ चालवणे म्हणजे नेमके काय, हेही स्पष्ट करायला हवे, कारण त्याविषयी अज्ञान आणि भीती दोन्ही आहे. पहिली गोष्ट नाव. दुसरी गोष्ट जागा, म्हणजे कोणत्यातरी सर्व्हरवरचे भाड्याचे घर. तिसरी गोष्ट मजकूर. या तिन्हींत नाव सर्वांत महत्त्वाचे, कारण नाव स्वतःचे असेल तर भाड्याचे घर केव्हाही बदलता येते. वाचकाला पत्ता तोच राहतो. फुकटच्या पानाला हे स्वातंत्र्य नाही. नेमक्या याच गोष्टीकडे संस्था सर्वाधिक दुर्लक्ष करतात. शताब्दी वर्षात मंडप, स्मरणिका, सत्कार यांवर लाखो रुपये खर्च होतात, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून संकेतस्थळाचे उद्घाटन होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. नाव नोंदवलेले असते ठेकेदाराच्या खात्यावर, त्याच्याच ईमेलवर. वर्ष संपते, नूतनीकरणाची सूचना त्या ठेकेदाराकडे जाते, त्याने धंदा बदललेला असतो. 'डॉट कॉम' वा 'डॉट ऑर्ग' नावांची मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, नंतर दंड भरून नाव सोडवून घेण्याचे ३० दिवस, शेवटी ५ दिवस, आणि मग नाव बाजारात. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसणारे व्यापारी जगभर आहेत. देवस्थानाच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकू लागली म्हणजे विश्वस्तांना जाग येते. तोवर पत्ता स्मरणिकेत, पावतीपुस्तकावर, कमानीवर छापून झालेला असतो.

हे काम अवघड नाही, चिवट आहे. खर्च म्हणाल तर एका छोट्या संकेतस्थळाचे वर्षाचे नाव आणि भाडे मिळून काही हजार रुपयांत भागते. उत्सवातल्या दोन-चार मोठ्या फलकांचा खर्च याहून कमी नसतो. जागरूकता मात्र सतत लागते. २०१८ च्या जुलैत गुगलच्या क्रोमने सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर 'असुरक्षित' असा शिक्का मारायला सुरुवात केली. वास्तविक २०१५ च्या अखेरीपासून हे प्रमाणपत्र विनामूल्य मिळू लागले होते. ज्यांच्याकडे लक्ष देणारा माणूस होता त्यांनी ते बसवले, बाकीच्यांचे वाचक शिक्का पाहून परत फिरले. २०२० च्या अखेरीस फ्लॅशची अखेर झाली आणि त्याच्या भरवशावर नाचणारी-फिरणारी मुखपृष्ठे कोरी पडली. साध्या मजकुराची पाने यांतून सहीसलामत सुटली. दिखाऊपणाला मिळालेली ही शिक्षा योग्यच म्हटली पाहिजे.

एकट्या माणसाच्या चिकाटीने काय साधते, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी भावगीते, अभंग, नाट्यपदे, लावण्या यांचे शब्द, कवी-संगीतकारांच्या नोंदींसह, 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर २००३ पासून जमा होत आहेत. अलका विभास यांनी ते उभे केले आणि वाढवले. अमुक गीत कोणाचे, याविषयी घराघरांत वाद झाला तर निवाडा तेथे होतो. त्याआधी, १९९१ साली, अविनाश चोपडे यांनी रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवणारी 'आयट्रान्स' ही प्रणाली सिद्ध केली. संस्कृत स्तोत्रांचे केवढे तरी भांडार त्या पद्धतीने संगणकात आले. हे काम करण्यासाठी कोणा मंत्र्याच्या हस्ते कळ दाबली गेली नव्हती.

'स्वतःच्या संकेतस्थळावर येते कोण? लोक तर फेसबुकवरच आहेत', हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. बाजारात दवंडी पिटायला बाजारातच जावे लागते. पण दवंडी बाजारात पिटतात म्हणून दप्तर कोणी बाजारात मांडून बसत नाही. सूचना, निमंत्रण, आठवण यांसाठी ती माध्यमे जरूर वापरावीत. मूळ मजकूर आपल्या घरी असावा आणि दवंडीने लोकांना घरी आणावे. सकाळी गटावर आलेला गावाच्या इतिहासाचा उत्तम लेख सायंकाळपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो आणि पुढल्या वर्षी तोच लेख लेखकाच्या नावाविना परत येतो, हा अनुभव घराघरातला आहे. हापूसच्या बागायतदारालाही हेच लागू. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता असलेला शेतकरी स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाशी थेट बोलू शकतो. दुसऱ्याच्या बाजारपेठेत त्याची पेटी कितव्या क्रमांकावर दिसावी, हे दुसराच ठरवतो.

अर्थात स्वतःचे म्हटले म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, असेही नव्हे. नावाचा सातबारा कायमचा मिळत नाही. तो मुदतीचा पट्टा आहे. सर्व्हर हेही शेवटी घरच, आणि घराला आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीचे माहिती केंद्र जळाले, लाखो संकेतस्थळे बंद पडली, आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती त्यांचे सर्वस्व गेले. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणला महापूर आला. १८६४ साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ पाठोपाठ पुन्हा एकदा आपली ग्रंथसंपदा चिखलात पाहिली. आगीचा आणि पुराचा धडा एकच आहे: प्रत एका ठिकाणी नसावी. सर्व्हरवर एक, संस्थेच्या कपाटातल्या डिस्कवर दुसरी, परगावच्या सभासदाकडे तिसरी.

परकीय सत्तेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात युरोपीय संघाने रशियाशी संबंधित निर्बंधांत गुजरातमधील वाडीनारची तेलशुद्धीकरण कंपनी नायरा एनर्जी हिचे नाव घातले. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतात नोंदलेली, भारतीय कायद्याखाली चालणारी, सेवेचे पैसे भरणारी कंपनी आणि तिला स्वतःच्याच ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले! काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली; पण जे एवढ्या बलाढ्य उद्योगाला सोसावे लागले, ते फुकटच्या खात्यावर सगळा पत्रव्यवहार ठेवणाऱ्या तालुक्याच्या शिक्षणसंस्थेच्या बाबतीत घडले तर तिची तक्रार ऐकणार कोण? 'डॉट इन' ही भारताची स्वतःची नाममालिका २००५ पासून सर्वांना सहज उपलब्ध आहे. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही आहे. म्हणजे गावाचे नाव, गावाच्या लिपीत, गावाचा पत्ता म्हणून घेता येते. रत्नागिरीच्या किती संस्थांनी ते घेतले आहे, याची चौकशी एकमेकांनी एकमेकांकडे करावी.

राहतो तो प्रश्न माणसांच्या आयुष्याचा. एखादे निवृत्त शिक्षक वीस वर्षे खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त, गावातल्या शिलालेखांचे वाचन, परिसरातील वनस्पतींची नावे संकेतस्थळावर मांडतात. ते जातात. मुलगा परदेशी, गुप्तशब्द कोणालाच माहीत नाही, नूतनीकरणाची पत्रे त्यांच्या न उघडल्या जाणाऱ्या ईमेलमध्ये साठत राहतात आणि वर्षभरात सारे पुसले जाते. घराच्या किल्ल्या, बँकेचे खाते, आमराईची वाटणी यांची व्यवस्था करणारा माणूस हे मात्र लिहून ठेवत नाही. कुलमंडळांनी यात पुढाकार घेण्याजोगा आहे. मंडळाने अशा वडीलधाऱ्यांना हयातीतच विचारून नाव मंडळाकडे हस्तांतरित करून घ्यावे आणि त्याचे पाच-दहा वर्षांचे भाडे एकदम भरून टाकावे. दहा वर्षांपर्यंतची नोंदणी एका वेळी करता येते.

मार्चअखेर जवळ आली की प्रत्येक संस्थेत हिशेबतपासनीस येतात, दप्तर उघडले जाते, इमारतीचा कर भरल्याची पावती मागितली जाते. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी मागाव्यात: संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे त्याचा उतारा, त्याची मुदत संपण्याचा दिनांक, आणि संपूर्ण मजकुराची प्रत असलेली डिस्क. तिन्ही समोर आल्या तर ठरावात नोंद करावी. न आल्या तर सचिवांना पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तोपर्यंत नव्या फलकाच्या खर्चाला मंजुरी देऊ नये.